ला

पलूसच्या एस.टी. स्टँडसमोर माझं रेडिओचं दुकान होतं तेव्हा
हैबती मदने ताकारीहून सायकलवर यायचा,
मर्फीचा डबा कॅरिअरला सुतळीनं बांधून.
दुरुस्तीचं काही नसायचं.
"बर्मा लागतंय का बघ," म्हणायचा.

शॉर्टवेव्हवर खरखर, मध्येच एखादी चिनी बाई,
मध्येच कुणीतरी प्रार्थना म्हणतंय.
तो कान लावून बसायचा,
विहिरीत सुटलेली घागर कुठं टेकते ते ऐकावं तसा.

खेचर कंपनीत होता. चव्वेचाळीस साल.
मिच्चीनाच्या वरच्या डोंगरात वाट दाखवायला
एक काचिन पोरगा दिलेला, सतरा वर्षांचा.
नाव ला.
"नुसतं ला?"
"तिसरा पोरगा म्हंजे ला. पयला गाम, दुसरा नॉ.
मी बी दुसरा, मला नॉ म्हणायचा.
त्येंच्यात नाव हुडकत न्हाईत, मोजत्यात."

मी व्याकरणात कच्चा. तरी वाटून गेलं,
आपल्याकडं ला एकटा उभा राहत नाही.
घराला, गावाला, कुणाला, कशाला,
कुणाच्या तरी पाठीला लागूनच जगतो.

हा ला बांबू तासायचा, टोक विस्तवावर धरायचा,
पायवाटेच्या दोन्ही अंगांना गवतात तिरके रोवायचा.
मग वाटेवर एकच गोळी.
जपानी शिपाई गवतात उड्या टाकत.
"फुडचं मी बघितलं न्हाई."
चहा संपल्यावर म्हणाला, "बघितलं."

त्याच साली इकडं त्याचा थोरला, सुभाना,
सागरेश्वराच्या डोंगरात, पत्री सरकारात,
उशाला चोरलेली बंदूक.
"माझी मनिऑर्डर ज्या थैलीत हुती
ती थैली आमच्या सुभान्यानंच मारली आसंल."
हसताना त्याची कवळी सुटायची.

सत्तेचाळीस साली सुभानानं बंदूक कृष्णेच्या डोहात टाकली,
तिथंच अंघोळ केली, ओल्या धोतरानं घरी आला.
पुढं त्याला ताम्रपट.
हैबतीला एक तारा, पत्र्याच्या पेटीत.
आणि लाला?

ते मला एका बातमीत नाही कळलं.
खरखरीतून, वर्षानुवर्षं, वेचावं लागलं.
त्यांच्याही डोंगरात त्या साली सह्या झाल्या होत्या:
तुमचं तुम्ही बघा, पण आमच्यात राहा.
चौदा वर्षं बघितलं.
रंगूननं आपला धर्म सगळ्या देशाचा ठरवायला घेतला,
आणि एकसष्टच्या फेब्रुवारीत काचिन पोरांनी
आजे-बापांच्या गंजक्या बंदुका माळ्यावरून काढल्या.

"ला त्येंच्यात आसंल का?" मी विचारलं.
"नसला तर त्येचा गाम आसंल. मोजून संपत न्हाईत ते."
मग सुतळी गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"सुभान्याचं राज आलं, म्हून बंदूक बुडवता आली.
लाला डोह कुठं हाय?"

चौऱ्याण्णवला तिकडं तह झाला.
हैबती बत्तासे घेऊन आला, दुकानभर वाटले.
रेडिओवाला म्हणाला, लढाई थांबली.
संपली म्हणाला नाही. आम्ही दोघांनी ते ऐकलं,
बोललो नाही.

त्या सालीच अभयारण्यातली डुकरं त्याच्या शाळवात शिरली.
त्यानं बांधावर बांबू तासले, टोकं विस्तवावर धरली,
पन्नास वर्षांनी हाताला सगळं येत होतं.
रात्री उठून कंदील घेऊन गेला,
सगळे उपटले, टोकं कोयत्यानं छाटली.
पुढच्या महिन्यात त्यांच्यावर घेवडा चढवला.

तह सतरा वर्षं टिकला. लाच्या त्या वयाइतकाच.
दोन हजार अकराचा जून, माझं दुकान कधीच मोबाइलचं झालेलं,
पुतण्यानं स्क्रीन पुढं धरली:
एका धरणापाशी पुन्हा गोळीबार, गावं रानात पळालीत.
फोटोत एक पोरगा, सतराचा असेल, काठी तासत बसलेला.

मी लगेच म्हणालो, सांगायला पाहिजे हैबतीला,
आणि थांबलो. हैबतीला जाऊन आठ वर्षं झाली होती.
तोंडात नुसता ला राहिला,
कुणाच्या पाठीला लावावा ते सुचेना.